वाघ-बकरीच्या खेळावर अहिराणी कार्टून करतोय, पण कोणी हसतच नाहीये

पांझराकाठचा (धुळे)

नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मी दिवसा लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग करतो आणि रात्री स्वतःचं ॲनिमेशन. दोन वर्षांपासून डोक्यात एकच किडा आहे, वाघ-बकरीच्या खेळावर छोटी कॉमेडी मालिका करायची, यूट्यूबवर, तीन-चार मिनिटांचे भाग, आणि बोली आपली अहिराणी. ज्यांनी खेळ खेळला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाच आडव्या पाच उभ्या रेघा, मधे तिरप्या रेघा, एकूण २५ ठिकाणं. चार कोपऱ्यांत चार वाघ. बकऱ्या २०, त्या आधी हातात असतात, दर डावाला एक ठेवायची. वाघ शेजारच्या बकरीवरून सरळ रेघेत उडी मारून पलीकडच्या रिकाम्या ठिकाणी पडला की बकरी खाल्ली. पाच खाल्ल्या की वाघ जिंकला आणि चारही वाघांना हलायला जागा उरली नाही की बकऱ्या जिंकल्या. बस, एवढाच खेळ.

आमची आजी ओट्यावर कोळशाने पट काढायची. वाघाला बिबे आणि बकऱ्यांना सरकी. सरकीला थोडा कापूस चिकटलेला असतो ना, तो बघून मला लहानपणी खरंच वाटायचं की ही बकरीच आहे, केसाळ, थोडी मळकी. आणि बिबा काळा कुळकुळीत, तो आजी स्वतःच सरकवायची, आम्हाला हात लावू द्यायची नाही, उतेल म्हणायची. म्हणजे वाघाला हात लावायची पण भीतीच. माझी कॅरेक्टरं तिथूनच आलीत, बकऱ्या म्हणजे सरकी आणि वाघ म्हणजे बिबा, नुसते डोळे लावलेत.

आता प्रॉब्लेम. पहिल्या भागाची स्क्रिप्ट लिहिली, वाघ गावात येतो, बकऱ्या घाबरतात, एक शहाणी बकरी युक्ती करते, वाघाची फजिती. ॲनिमॅटिक बनवलं, म्हणजे कच्ची चित्रं आणि मोबाईलवर घेतलेले आवाज. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सगळे घरी होते, बहीण माहेरी आलेली, १४ माणसं हॉलमधे बसवली आणि टीव्हीवर लावलं. ३ मिनिटं ४० सेकंद. कोणी हसलं नाही भो. भाचा एकदा हसला, तो पण लाइट गेली म्हणून. बहीण नंतर "छान आहे रे" म्हणाली, ते ऐकून तर सांजोरी घशात अडकली. आणि मग तीच १४ माणसं मागच्या खोलीत पत्ते कुटायला बसली आणि दीड तास नुसती लोळून लोळून हसत होती, मी बाहेर झोक्यावर एकटा.

तर विचारायचं हे की एवढ्याशा खेळातून गोष्ट काढायची कशी? आणि नावाचा, हक्काचा वगैरे काही लफडा असतो का? कोणी असं काही केलं असेल तर सांगा.

---

चाळीसगाव_जंक्शन

भाऊ, छोट्या खेळावर मालिका हे काही येड्यासारखं नाहीये, लोकांनी केलंय. एक्सप्लोडिंग किटन्स नावाचा पत्त्यांचा खेळ आहे, २०१५ मधे किकस्टार्टरवर आला, २ लाख १९ हजारांवर लोकांनी मिळून ८७ लाख डॉलर दिले त्याला. खेळ काय तर एकेक पत्ता उचलायचा, स्फोटवालं मांजर निघालं आणि ते निकामी करायचा पत्ता हातात नसला की तू बाद. यात गोष्ट आहे का कुठे? नाही. पण २०२४ मधे नेटफ्लिक्सवर त्याची ॲनिमेटेड कॉमेडी आली, ९ भाग. त्यांनी काय केलं, साक्षात देवाला मांजराच्या अंगात घालून पृथ्वीवर एका विस्कटलेल्या कुटुंबात पाठवला, आणि शेजारी सैतानाचं मांजर. म्हणजे खेळातून घेतलं मांजर आणि तो चक्रमपणा, बाकी कुटुंब बाहेरून आणलं.

तू पण तेच कर, बकऱ्यांचं एक कुटुंब बनव, सासू बकरी, सून बकरी, शिकलेला बोकड पुण्याहून परत आलाय वगैरे.

---

पांझराकाठचा

@चाळीसगाव_जंक्शन धन्यवाद जिभाऊ. पण सासू-सून बकरी केली तर मग ती वाघ-बकरीच का, कोंबड्या पण चालतील की. तिथेच अडकतोय मी.

---

कळण्याचीभाकरी (अमळनेर)

बाळा, तुझं उत्तर तूच लिहून ठेवलंयस आणि तुला दिसलं नाही. १४ माणसं तुझ्या गोष्टीला हसली नाहीत आणि पत्त्यांना दीड तास हसली. पत्त्यात कुठे गोष्ट असते? तिथे नियम असतो आणि समोर कोण बसलंय ते माहीत असतं. मेव्हण्याने गुलाम दाबून ठेवलाय हे सगळ्यांना कळलेलं असतं आणि तो मात्र साधा चेहरा करून बसलेला असतो, हसू येतं ते त्याचं.

मी ३१ वर्षं शाळेत शिकवलं, आता निवृत्त आहे, आणि पावसाळ्यात मैदानावर पाणी साचलं की वर्गात हाच खेळ खडूने काढून द्यायचे, म्हणून मला याची जरा खोड आहे. तू तुझ्या शहाण्या बकरीला युक्ती करायला लावलीस ना, तिथेच चुकलं. या खेळात बकरीला युक्ती करताच येत नाही रे. तिला मारता येत नाही, उडी मारता येत नाही, पळून जाता येत नाही. तिच्या हातात एकच गोष्ट आहे, कुठेतरी उभं राहणं. आणि ती वाचते कशाने? तिच्या पाठीमागची जागा भरलेली असली तर. मागे दुसरी बकरी असेल तर वाघाला पडायला ठिकाणच नाही, उडी बाद. मागची जागा रिकामी की गेली. म्हणजे वीसही बकऱ्यांच्या आयुष्यातला प्रश्न एकच, माझ्या मागे कोण आहे? आता हे आपल्या गल्लीत आणून ठेव. मागे उभी राहील ती, पण कानबाईच्या रोटांना मला बोलावलं नव्हतं तिने. मागे उभी राहील ती, पण नळाला आधी माझी घागर लागू दे. वाघ समोर जांभया देतोय आणि या मागे कोण उभं राहणार यावर भांडतायत. यात सासू-सून बाहेरून आणायची गरज नाही, खेळाच्या पोटातच सगळं गाव बसलेलं आहे.

दुसरं, तू नियम लिहिलास पण एक सोडून दिलास. विसाव्या बकरीला पटावर ठेवत नाही तोपर्यंत आधीच्या एकीलाही हलता येत नाही. बरोबर ना? म्हणजे तिसरी ठेवलेली बकरी वाघाच्या नाकासमोर सतरा डाव नुसती बसून आहे. हलता येत नाही, पण बोलता येतं! अरे विनोदाला आणखी काय हवं असतं. तमाशातला सोंगाड्या बघ, राजासमोर उभा असतो, पळता येत नाही आणि तोंड बंद ठेवता येत नाही.

वाघांचंही तसंच. आपल्याला वाटतं वाघ म्हणजे मोकळा. पण वाघ वाघावरून उडी मारू शकत नाही. चार वाघ म्हणजे चार भाऊ, एकाच शेताच्या चार कोपऱ्यांत, आणि एकमेकांच्याच वाटेत. आणि हरतो कसा? मरत नाही. अडकतो. घरात जागा नाही, सरकता येत नाही, शेजारी दाटीवाटीने बकऱ्या बसल्यात आणि त्यांच्या गप्पा ऐकाव्या लागतायत. माझ्या नवऱ्याचा लग्नाच्या हॉलमधे जो चेहरा होतो तो वाघाला दे.

राहिली खाल्लेली बकरी. तुझ्या आजीकडे खाल्लेली सरकी कुठे जायची?

---

पांझराकाठचा

बाई, अंगावर काटा आला वाचून. आजीच्या पदरात जायची! ओच्यात टाकायची ती. आणि एखाद्या वेळी डाव विसरून बोटाने कुरवाळत बसायची.

म्हणजे खाल्लेल्या बकऱ्या पदरात बसून वरून कॉमेंट्री करणार. देवा. पारावरच्या म्हाताऱ्यांसारखं, "आमच्या वेळी वाघ विचारून खायचा".

---

कळण्याचीभाकरी (अमळनेर)

आता तू लिहायला लागलास. जा, झोपू नको.

---

भुसावळ_आऊटर

बाईंना दंडवत. माझ्याकडून एक तांत्रिक भर, हा खेळ नेपाळमधे बाघचाल म्हणून खेळतात, तुझ्या आजीचाच पट, ४ वाघ २० बकऱ्या. तमिळनाडूकडे आडू पुली आट्टम, तिथे पट त्रिकोणी, ३ वाघ १५ बकऱ्या. बाघचाल कॉम्प्युटरवर पूर्ण सोडवून झालाय, आणि निकाल काय माहितीये? दोन्ही बाजू एकही चूक न करता खेळल्या तर बरोबरी. कोणीच जिंकत नाही.

म्हणून तू शेवटाचं टेन्शन घेऊच नको. प्रत्येक भागात जो हरतो तो फक्त चूक करतो म्हणून हरतो, आणि चुका करायला आपली माणसं बसलीच आहेत. शेवट प्रेक्षकांवर पण सोडता येईल, १९८५ मधे क्लू नावाच्या बोर्ड गेमवर सिनेमा काढला होता त्याला तीन शेवट होते आणि वेगवेगळ्या थिएटरला वेगवेगळा शेवट पाठवलेला. तू कम्युनिटी पोस्टवर पोल टाक, वाघ का बकरी. फुकटात होतंय.

---

सातपुडा_पायथा (यावल)

सगळं भारी चाललंय पण एक टोचतंय ते बोलतो. "आपली अहिराणी" म्हणताना आमचं काय? यावल रावेर भुसावळ फैजपूर, आमच्याकडे लेवा गणबोली बोलतात, धुळ्याची अहिराणी नाही. बहिणाबाईंची गाणी पण लोक सरसकट अहिराणी म्हणून ठोकून देतात आणि आमचे आसोद्याकडचे म्हातारे चिडतात. तिकडे नंदुरबारला जा, शहाद्याकडे गुजरी, वर डोंगरात भिली पावरी. खानदेश म्हणजे एक बोली नाही भाऊ.

दुसरं म्हणजे, हे जरा मनापासून सांगतो, सिनेमा सीरियलमधे बोली बोलणारा कोण असतो? गडी, वॉचमन, नाहीतर बावळट. लोक बोलीला हसतात, बोललेल्याला नाही. तू घरचाच आहेस म्हणून तू असं करणार नाही असं नाही, उलट आपणच जास्त करतो. व्ह्यूज मिळतात ना.

---

पांझराकाठचा

@सातपुडा_पायथा हे बोललात ते बरं केलंत. २० बकऱ्या आहेत, चार-पाच तापीपलीकडच्या ठेवल्या तर? पण मला गणबोली येत नाही, मी लिहिली तर ती नाटकी होईल.

आणि एक विचार आला, चारपैकी एक वाघ जो आहे ना तो एकदम पुस्तकी मराठी बोलेल. "आपण कृपया थोडं सरकाल का." आणि बकऱ्यांना तो काय म्हणतोय तेच कळत नाही, त्या त्याला तलाठी समजतात.

---

सातपुडा_पायथा (यावल)

हा आता हसलो. तलाठी 😂

गणबोली मी लिहून देतो, माझी मोठी आई आवाज पण देईल, तिला फक्त माईक आहे हे सांगू नका, सांगितलं की ती रेडिओसारखी बोलायला लागते. आणि वाघ आमच्याकडचाच आहे हे विसरू नका, मुक्ताईनगरकडे वढोदा डोलारखेडा पट्ट्यात केळीच्या बागांमधे वाघ वावरतो, खरोखरचा. केळीत कसं थंड असतं, पाणी असतं, उन्हाळ्यात ४५ डिग्रीत त्याला पण कुठे जायचं. एखादा भाग केळीच्या बागेत करा, वाघ घडाला आलेल्या केळीखाली पडून आहे आणि मालक कापणीच्या गाडीची वाट बघत फोनवर भावाची घासाघीस करतोय, दोघांपैकी कोणाचं लक्ष नाही.

---

फ्रेमबायफ्रेम (जळगाव)

मी याच धंद्यात आहे, मुंबईला आठ वर्षं, आता घरून काम. तुझा उत्साह बघून मजा येतेय पण गणित पण ऐकून घे कारण मी असे चार जण पाहिलेत, पहिल्या भागाची ४० सेकंदं एकदम सिनेमासारखी केली आणि मग आयुष्यात दुसरा भाग नाही.

सेकंदाला २४ फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरलंस तरी सेकंदाला १२ चित्रं, तीन मिनिटांना २,१६०. दिवसाची नोकरी करून रात्री २० चित्रं काढलीस तर १०८ रात्री, एका भागाला. हाताने सगळं काढूच नको. पण तुझा खेळच तुला वाचवतोय, बाईंनी सांगितलं तसं बकऱ्यांना हलताच येत नाही! म्हणजे शरीर स्थिर, फक्त डोळे, तोंड आणि तो कापसाचा झुबका. तुकडे वेगळे करून रिग, म्हणजे तुकडे जोडून हलवता येणारी बाहुली, बनव एकदाच, ब्लेंडरमधे ग्रीस पेन्सिलने नाहीतर ओपनटून्झमधे, दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. चित्रं क्रिटामधे काढ, ते पण फुकट. बॅकग्राउंड पण अख्ख्या मालिकेला एकच, ओटा. सकाळचं ऊन, दुपारची सावली, रात्री बल्ब, तीन रंगात तेच चित्र. वाघाला तोंड देऊ नको, तू नुसते डोळे दिलेत म्हणतोस तेच ठेव, बिब्याला तोंड कशाला, आवाज आला की भुवई हलव, झालं. अर्धं लिपसिंक वाचलं. बकऱ्यांना सात-आठ तोंडं पुरतात, त्यात प फ ब भ म ला ओठ मिटलेलं तोंड मात्र विसरू नको, ते चुकलं की बघणाऱ्याला कळत नाही काय चुकलं पण खटकतं.

आवाज आधी, चित्रं नंतर. हे उलटं करणारा मेला. आवाज पाठ करून नको, दोन काकू समोरासमोर बसव, प्रसंग सांग आणि भांडू दे. कपड्यांच्या कपाटासमोर नाहीतर वर गोधडी टाकून रेकॉर्ड कर, घुमत नाही मग. पंखा बंद. मे महिन्यात पंखा बंद म्हणजे काय ते मला माहितीये, मी जळगावचाच आहे, पण पंखा बंदच. पहाटे कर, त्या वेळी कुकर पण नसतो.

आणि हसू हे थांबण्यात असतं. तुझ्या ॲनिमॅटिकमधे मी पैजेवर सांगतो, एक बोललं की लगेच दुसरं बोलत असेल. वाघाने बघितलं, बकरीने बघितलं, मग सव्वा सेकंद काहीच नाही. तो सव्वा सेकंद फुकट मिळतो, चित्र एकच.

---

गिरणाई

नावाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून. मी वकील नाही, पण दुकानाच्या ब्रँडसाठी या भानगडीतून गेलेय. खेळ जुना, पिढ्यानपिढ्यांचा, तो कोणाच्या मालकीचा नाही, आणि खेळाच्या नियमाला तसाही कॉपीराइट नसतो, १९५७ चा कायदा कल्पनेला नाही तर मांडणीला संरक्षण देतो. म्हणजे तू काढलेली सरकीची बकरी तुझी, पण कोणी उद्या चिंचोक्याची बकरी काढली तर तू त्याला अडवू शकत नाहीस. ज्या खेळाला कंपनी आहे, उदाहरणार्थ उनो, त्याच्या वाटेला जाऊ नये, तिथे नाव, चित्र सगळं त्यांचं.

पण मालिकेचं नाव नुसतं "वाघ बकरी" ठेवू नकोस. का ते तुझ्या किचनमधे जाऊन डब्यावर बघ 😄 अहमदाबादचा चहा आहे तो, एकाच कपात वाघ आणि बकरी चहा पितायत ते चित्र आपल्याकडे घरोघरी. चहाचा ट्रेडमार्क वर्ग वेगळा, ३० नंबर, करमणुकीचा ४१, पण प्रसिद्ध नावाच्या जवळ जायचंच कशाला. आणि यूट्यूबवर कोणी शोधलं तर आधी चहाच्या जाहिराती येतील, तू विसाव्या पानावर. त्यापेक्षा बाईंचं वाक्यच नाव कर ना, "मन्हा मांगे कोन शे?"

अजून एक, अपलोड करताना यूट्यूब विचारतं की हे मुलांसाठी बनवलंय का. जानेवारी २०२० पासून ते सांगावंच लागतं. हो म्हटलंस की कॉमेंट बंद आणि पर्सनल जाहिराती बंद, म्हणजे कमाई पण कमी. बकऱ्या दिसल्या म्हणून आपोआप मुलांचं होत नाही, तुझं लिखाण बघता ते मोठ्यांचंच वाटतंय, पण खोटं सांगू नकोस, जे आहे ते टाक. जाहिरातींची कमाई सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास बघितलेले लागतात, तोपर्यंत लग्नाची एडिटिंग सोडू नको भावा.

---

साधा_माणूस_७७

कोण बघणार हे. पोरं दिवसभर रील बघतात. वाघ बकरी कोणाला माहीत पण नाही आता.

---

चाळीसगाव_जंक्शन

@साधा_माणूस_७७ मालेगावच्या खानदेशी कॉमेडीला काय कमी बघतात का लोक? तिकडे पण आधी सगळे हेच म्हणायचे, कोण बघणार.

आणि पांझराकाठच्या, माझी ती शिकलेल्या बोकडाची आयडिया मी मागे घेतो. बाईंनी माझं पोस्ट न वाचताच फाडलं.

---

पांझराकाठचा

मंडळी, १२ दिवसांनी आलोय. आधी जुन्याची कबुली देतो, फ्रेमबायफ्रेम भाऊंनी पैज जिंकली, माझ्या पहिल्या ॲनिमॅटिकमधे ३ मिनिटं ४० सेकंदात एकदाही एक सेकंदाची शांतता नव्हती, मी टाइमलाइनवर मोजलं.

नवीन प्रसंग फक्त ५० सेकंदांचा आहे. आई आणि शेजारच्या काकूंना पहाटे साडेपाचला गोधडीत बसवलं, दोघींना सांगितलं की तुम्ही बकऱ्या आहात, समोर वाघ आहे आणि हलता येत नाही. काकू म्हणे "मी उपाशी ऱ्हास का भरेल पोटनी?" असा प्रश्न मी दोन वर्षांत स्वतःला विचारला नव्हता. लिहिलेलं अर्धं त्यांनी बदललं. आता असं आहे:

पहिली: ओ बाई, तो मन्हाकडेच देखी ऱ्हायना वं.

दुसरी: मंग हट ना तठून.

पहिली: कशी हटू? आजून नऊ जनी येवान्या शेतस.

(वाघ भुवई वर करतो. सव्वा सेकंद.)

पहिली: तू मन्हा मांगे येस का?

दुसरी: आखाजीले सांजोऱ्यास्ना डबा दिन्हा व्हता तुन्हा घर. डबा आजूनलोंग परत उना नही.

(अजून शांतता.)

वाघ: डबा नको देजो वं बाई. मी तुन्हाच बाजूना शे.

डब्याचं माझं नाही, ते काकूंनी आईला खरंच ऐकवलं, रेकॉर्डिंग चालू असताना. आई नंतर डबा घासत होती.

काल रात्री सगळ्यांना दाखवलं, यावेळी सहाच जण होते. डब्यावर बहीण जी हसली ती व्हिडिओ कॉलवर पडद्याबाहेरच गेली. भाच्याने तीनदा लावायला लावलं, लाइट होती.

आजी मात्र हसली नाही. तिने मोबाईल नाकाजवळ धरला, चष्मा वर केला, आणि जिथे वाघ पुढच्या उडीसाठी तिरपा दबा धरून बसलेला दाखवलाय तिथे बोट ठेवलं. म्हणे "हाऊ वाघ आठेन तिरपा जाऊच शकस नही. तठे तिरपी रेघ शे का?" मी पट काढून बघितला. खरंच, कोपऱ्याला लागून जे ठिकाण आहे तिथून तिरपी रेघ नसतेच, एकाआड एक ठिकाणीच असते. माझ्या बॅकग्राउंडमधे मी सगळ्याच ठिकाणांना तिरप्या रेघा मारून ठेवल्यात. म्हणजे ओटा परत काढायचा, तिन्ही रंगांत, आणि ती बकरी इतके दिवस ज्या वाघाला घाबरत होती तो तिला खाऊच शकत नव्हता.

---

कळण्याचीभाकरी (अमळनेर)

थांब, ते दुरुस्त करू नको. तोच दुसरा भाग आहे.

---

फ्रेमबायफ्रेम (जळगाव)

बाई बरोबर बोलताय, पण ओटा मात्र परत काढावाच लागेल भो. आणि क्रेडिटला आजीचं नाव टाक, नियम सल्लागार.